माणसांच्या मागे काय दिसतं?

पहिल्या फोटोत जाड कोट आणि टोप्या घातलेले सात-आठ पुरुष जहाजाच्या कठड्याला टेकून उभे आहेत. मिशा झुपकेदार, चेहरे गंभीर. चिंगीने मधल्या उंच माणसावर बोट ठेवलं.

"आजोबा, हे माझ्या मैत्रिणीच्या पणजोबांचे वडील. सोनं शोधायला पार वर, आर्क्टिकच्या दाराशी गेले होते. फोटो सगळे त्यांनीच काढलेत."

"त्यांनीच काढले, तर ते फोटोत कसे?" बंड्याची शंका रास्त होती.

"एवढ्या एका फोटोपुरता कॅमेरा शेजाऱ्याच्या हातात दिला असेल," मी म्हटलं.

चिंगी सिॲटलला असते. सुट्टीत आली की टॅबलेटमध्ये काहीतरी भरून आणते, आणि मग तिची, बंड्याची आणि माझी बैठक झोपाळ्यावर जमते. या वेळी मैत्रिणीच्या घरचा जुना अल्बम आला होता. फोटो लहानसे, चौकोनी, तपकिरी पडलेले. प्रत्येकाच्या मागे पेन्सिलीने खरडलेली एखादी ओळ.

"पण मैत्रीण म्हणते, ते हात हलवत परत आले. सगळा प्रवास फुकट गेला."

"ते शेवटी ठरवू. आधी एक खेळ खेळू. माणसं बघून झाली ना? आता त्यांच्याकडे बघायचंच नाही. त्यांच्या मागे काय आहे, ते सांगायचं."

दोघं टॅबलेटवर वाकली. "पांढरं," चिंगी म्हणाली. "सगळं पांढरंच आहे. खाली पांढरं, वर पांढरं."

"मग तिथूनच सुरुवात करू. पण ही माणसं त्या पांढऱ्यात कशाला गेली, ते आधी ऐका."

१८९८च्या सप्टेंबरात अलास्काच्या पश्चिम टोकाला, बेरिंग समुद्राजवळच्या अँव्हिल क्रीक नावाच्या ओढ्यात तिघांना सोनं सापडलं. दोघे जन्माने स्वीडनचे, एक नॉर्वेचा. पुढच्या उन्हाळ्यात त्याहून मोठं नवल घडलं. जवळच्याच समुद्रकिनाऱ्यावर, चालता चालता पायाखाली येणाऱ्या वाळूत सोनं निघालं. ना डोंगर फोडायचा, ना बोगदा खणायचा. फावडं घ्यायचं आणि कामाला लागायचं. त्या एका उन्हाळ्यात किनाऱ्यावरून दहा लाख डॉलरहून जास्त किमतीचं सोनं निघालं. बातमी फुटली, आणि १९००च्या वसंतात सिॲटल आणि सॅन फ्रान्सिस्कोहून जहाजं भरभरून निघाली. त्या वर्षीच्या जनगणनेत त्या ओसाड किनाऱ्यावरच्या नोम गावात १२,४८८ माणसं मोजली गेली.

"ओसाड म्हणजे तिथे कोणीच नव्हतं?" चिंगीने विचारलं.

"चुकीचा शब्द वापरला बघ मी. तो मुलूख इनुपियात लोकांचा. सील, वालरस, मासे यांच्यावर त्यांचं पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं होतं. त्याच १९०० साली त्या भागात गोवर आणि इन्फ्लूएंझाची साथ आली आणि त्यांची घरंच्या घरं रिकामी झाली. सोन्याच्या गोष्टीत हे बहुतेक वेळा सांगायचं राहून जातं."

दोघं जरा गप्प झाली. मग बंड्याने फोटो मोठा केला. जहाजाच्या पलीकडे बर्फाच्या लाद्या दिसत होत्या, एकीला एक खेटून, कडा उचललेल्या. मागे लिहिलं होतं: बर्फ, जून १९००.

"जूनमध्ये बर्फ?"

"बेरिंग समुद्र दर हिवाळ्यात गोठतो आणि उन्हाळ्याच्या तोंडावर मोकळा होतो. हे सगळे उतावीळ लोक. दुसऱ्याच्या आधी पोचायचं म्हणून मे महिन्यातच निघाले. काही जहाजं बर्फ हटेपर्यंत वाटेतल्या डच हार्बरला थांबली, काही तशीच पुढे घुसली आणि अडकली."

"पण समुद्र तर खारट. खारट पाणी गोठतं?"

"गोठतं, पण जरा हट्टाने. गोडं पाणी शून्य अंशाला गोठतं, समुद्राला उणे १.८ अंशांपर्यंत खाली जावं लागतं. आणि गोठताना तो मीठ बाहेर टाकतो. बर्फाचा स्फटिक म्हणजे पाण्याच्या रेणूंची अगदी शिस्तीची रचना, तिच्यात मिठाला जागाच नाही. मग ते अतिखारट पाणी बर्फात बारीक बारीक कप्प्यांत अडकतं आणि हळूहळू खाली झिरपून जातं. कोवळा बर्फ चाखलास तर खारट लागेल. पण जुन्या बर्फावर उन्हाने वितळून साचलेलं पाणी इतकं गोडं असतं, की आर्क्टिकचे खलाशी त्यावर पिपं भरून घेत. खाऱ्या समुद्राच्या मधोमध, बर्फावर गोडं पाणी!"

"आणि वर पण पांढरं का? ढग कुठे गेले?"

हा प्रश्न येईल अशी मी वाटच पाहत होतो.

"ढग असणार. इतकंच नाही, जहाजाचा कप्तान त्या ढगांकडे डोळे लावून बसला असणार. दूरवर बर्फ पसरला असेल तर त्याचा उजेड ढगांच्या पोटावर पडतो आणि तिथे आभाळ पांढुरकं झळकतं. जिथे पाणी मोकळं असेल, तिथे ढगाचं पोट काळसर दिसतं. बर्फात वाट शोधणारे खलाशी वर बघून खालचा रस्ता ठरवत. पण फोटोत यातलं काही उमटलेलं नाही, कारण त्या काळची साधी फिल्म आपल्या डोळ्यांसारखं बघत नव्हती."

फिल्मवर चांदीच्या ब्रोमाइडचे बारीक कण जिलेटिनमध्ये बसवलेले असतात. प्रकाश पडला की त्या कणात चांदीचा एक अतिसूक्ष्म ठिपका तयार होतो. तो डोळ्यांना दिसतही नाही. पुढे रसायनात बुडवल्यावर तेवढ्या ठिपक्याच्या जोरावर अख्खा कण काळ्या चांदीत बदलतो. मात्र ठिपका तयार व्हायला प्रकाशात पुरेशी ऊर्जा लागते. निळ्या-जांभळ्या प्रकाशात ती असते, तांबड्यात नसते. म्हणून निळं आभाळ फिल्मला फार प्रखर वाटायचं, निगेटिव्हवर ते पूर्ण काळं व्हायचं, आणि कागदावर छापलं की सपाट पांढरं. ढग आणि आभाळ एकाच पांढऱ्यात बुडून जायचे. तांबडं मात्र तिला काळं दिसायचं. या फोटोत काळा दिसणारा सदरा प्रत्यक्षात लालभडक असू शकेल.

"कॅमेरा कोणता होता?" बंड्याने विचारलं.

"नक्की सांगता येणार नाही. पण फोटो चौकोनी आहेत, सव्वादोन इंच बाय सव्वादोन इंच असावेत. १९००च्या फेब्रुवारीत कोडॅकने ब्राउनी नावाचा पुठ्ठ्याचा डबा-कॅमेरा काढला, किंमत एक डॉलर. त्याचे फोटो याच मापाचे. तोवर फोटो काढणं हे मुख्यतः स्टुडिओवाल्यांचं आणि पैसेवाल्या हौशी लोकांचं काम होतं. त्या वर्षापासून साध्या माणसाच्या खिशाला कॅमेरा परवडायला लागला."

दुसरा फोटो किनाऱ्याचा. तंबूच तंबू, आणि पुढे गुडघाभर खड्ड्यांत उभी माणसं. एकाच्या हातात उथळ गोल परात, दुसरा लाकडी पेटी झुलवतोय.

"माणसांच्या मागे?" मी विचारलं.

"वाळू. आणि वाळूत काळे पट्टे."

"शाब्बास! सोनं शोधणारासुद्धा तेच बघतो. आता सांगा, समुद्राच्या वाळूत सोनं कसं आलं?"

"समुद्रातून वाहून."

"पुष्कळांना तसंच वाटलं होतं. झालं होतं उलटं. सोनं डोंगरातून आलं. जमिनीच्या पोटात, खडकांच्या भेगांतून फार गरम पाणी फिरतं. त्यात विरघळलेलं सोनं पाणी निवताना गारगोटीच्या शिरांमध्ये बसून राहतं. नोमच्या मागच्या टेकड्यांत अशा शिरा होत्या. हिमयुगात तिथे हिमनद्या उतरल्या. त्यांनी टेकड्या खरवडल्या आणि तो दगडमातीचा राडा किनाऱ्यापर्यंत आणून टाकला. त्यात सोनं होतं, पण इतकं विखुरलेलं की कोणाच्या हाती लागलं नसतं. मग समुद्र कामाला लागला."

आत स्वयंपाकघरात आजी सुपात तांदूळ पाखडत होती. मुलांना मी तिकडे बघायला सांगितलं. सूप एका तालात हलतं, हलका कोंडा पुढे जातो आणि उडतो, जड दाणे मागे राहतात. लाट किनाऱ्यावर हेच करते. ती चढताना जोरात येते आणि सगळंच उचलते, परतताना तिचा जोर कमी असतो, आणि तेवढ्या जोराला हलकेच कण दाद देतात. पाण्याची घनता १ धरली, तर साध्या गारगोटीच्या वाळूची सुमारे २.६५, तामड्याची ४च्या आसपास, काळ्या चुंबकी लोहखनिजाची ५, आणि सोन्याची १९.३. लाखो लाटांनंतर पांढरी वाळू निघून जाते आणि खाली तामड्याची लालसर, लोहाची काळी वाळू राहते. सगळ्यात खाली, त्यांच्यात दडलेलं सोनं. परात हलवणारा माणूस समुद्राने अर्धवट सोडलेलं काम पुरं करत असतो, इतकंच.

"आपल्याकडे रत्नागिरीला काळी वाळू असते," बंड्या म्हणाला.

"असते ना. काळबादेवीच्या किनाऱ्यावर जाऊन बघ. तिथे लाटांनी इल्मेनाइट वेगळं काढलंय, टायटॅनियमचं खनिज. सोनं नाही, पण कारागीर तोच."

चिंगी मध्येच म्हणाली, "दहा लाख डॉलरचं सोनं म्हणजे किती मोठा ढीग?"

"गणित कर. तेव्हा एका औंसाला २०.६७ डॉलर मिळत. सोनाराचा औंस ३१.१ ग्रॅमचा." तिने टॅबलेटवर आकडे टाकले. दीड टन. "आता ते घनतेने भाग." उत्तर आलं ७८ लिटर. तिने पुन्हा करून बघितलं. पुन्हा ७८. शुद्ध सोनं धरलं तर हजारो माणसांच्या एका उन्हाळ्याच्या घामातून जेमतेम ७८ लिटर.

"पुढची गंमत ऐका. काही वर्षांनी खोदणाऱ्यांच्या लक्षात आलं, की आजच्या किनाऱ्यापासून आत, टुंड्राच्या गवताखाली, पुन्हा एक वाळूचा पट्टा आहे. तसाच लालसर, तसाच सोनेरी. त्याच्याही मागे, समुद्रसपाटीहून वीस मीटरपेक्षा उंचावर आणखी एक. म्हणजे काय?"

बंड्या विचारात पडला. "म्हणजे समुद्र आधी तिथपर्यंत होता?"

"बरोबर! त्यातला एक किनारा साधारण सव्वा लाख वर्षांपूर्वीचा, दोन हिमयुगांमधल्या उबदार काळातला. तेव्हा जगभर बर्फ आजच्याहून कमी होता आणि समुद्र वर चढलेला होता. फावडं घेतलेला माणूस सोन्याचा माग काढत गेला आणि त्याला समुद्राच्या जुन्या हद्दी सापडल्या. तो सोनं मोजत बसला. भूगर्भशास्त्रज्ञांनी हद्दी मोजल्या."

तिसऱ्या फोटोमागे एकच शब्द होता: मध्यरात्र. समोर तंबू, एक बाई, एक कुत्रा. सगळं चांगलं उजेडात.

"खोटं लिहिलंय," बंड्याने निकाल दिला.

"तपासून बघू. कुत्रा नीट बघ."

कुत्र्याचं धड स्पष्ट होतं, डोकं मात्र पुसलेलं. एकाच मानेवर दोन फिकट तोंडं असल्यासारखं.

"त्याने मान हलवली! म्हणजे कॅमेरा बराच वेळ उघडा होता."

"म्हणजे उजेड कमी होता. भर दुपारी एवढा वेळ उघडा ठेवला असता तर फोटो जळाला असता. आता आकाशाचं गणित. पृथ्वीचा अक्ष साडेतेवीस अंश कललेला आहे, आणि २१ जूनच्या सुमारास उत्तर टोक सूर्याकडे झुकलेलं असतं. त्या रात्रीसाठी एक सोपी युक्ती सांगतो. साडेसहासष्टातून आपला अक्षांश वजा करायचा. जे उरेल, तितके अंश सूर्य मध्यरात्री क्षितिजाच्या खाली असतो. मुंबई एकोणीस अंशांवर."

"साडेसत्तेचाळीस."

"खोल गेलाय, म्हणून काळोख. सिॲटल साडेसत्तेचाळीसवर."

"एकोणीस."

"तिथेही रात्र होते. नोम साडेचौसष्टवर."

"दोन!" चिंगी ओरडली. "फक्त दोन?"

"फक्त दोन. सूर्य मावळतो, पण क्षितिजाच्या जेमतेम खालून सरकत सरकत पुन्हा वर येतो. त्याचा उजेड वरच्या हवेत पसरून खाली येत राहतो. आपल्याकडे सूर्य बुडाल्यावर पाच-सहा मिनिटांनी असतो ना, तो उजेड तिथे मध्यरात्री असतो. लिहिणाऱ्याने खोटं लिहिलेलं नाही."

चौथ्या फोटोत दोन माणसं एक लांब, वाकडी वस्तू उभी धरून आहेत. त्यांच्या डोक्यांच्याही वर गेलेली. बंड्याने लगेच ओळखली. हस्तिदंत.

"आर्क्टिकमध्ये हत्ती?"

"हत्तीचा केसाळ भाऊ, मॅमथ. त्या भागात वरचा थर सोडला तर खालची जमीन वर्षानुवर्षं गोठलेलीच राहते. सोन्यापर्यंत पोचायला लोक जाळ करून, वाफ सोडून ती वितळवत, आणि चिखलातून असे सुळे वर येत. गोठलेल्या मातीत जंतूंचं काही चालत नाही, म्हणून हाड टिकतं. आता तो बर्फाचा पहिला फोटो पुन्हा काढा. जहाज कशावर तरंगतंय?"

"पाण्यावर."

"वीस हजार वर्षांपूर्वी जगाचं एवढं पाणी हिमनद्यांत अडकलं होतं, की समुद्र आजच्याहून सुमारे १२० मीटर खाली होता. बेरिंगची सामुद्रधुनी पन्नासेक मीटरच खोल. म्हणजे तिथे समुद्र नव्हताच. आशिया ते अमेरिका अखंड जमीन, गवताळ, आणि तिच्यावर मॅमथ, घोडे, गवे. तुझ्या मैत्रिणीचे खापरपणजोबा मॅमथच्या कुरणावरून जहाजातून गेले. मग हिमयुग सरलं, पाणी चढलं, कुरण बुडालं. सेंट पॉल नावाचा एक उंचवटा बेट होऊन राहिला, आणि त्यावर मॅमथचा एक कळप अडकला. ते तिथे साधारण ५,६०० वर्षांपूर्वीपर्यंत तगून होते."

"मग कोणी मारलं?"

"माणूस तिथे पोचलाच नव्हता. शास्त्रज्ञांनी बेटावरच्या तळ्याच्या तळातला गाळ नळीने काढून थर थर तपासला. तळं आटत, खारावत गेल्याच्या खुणा त्यात होत्या. बेट लहान झालं, गोडं पाणी संपलं. चारी बाजूंनी समुद्र, आणि मॅमथ तहानेने गेले."

चिंगी बराच वेळ सुळ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "पण आजोबा, सोन्याच्या अल्बममध्ये सोनं एकदाही दिसलं नाही."

"हे फोटो तपकिरी आहेत ना, जरा जांभळट? त्या काळी पुष्कळ फोटो छापल्यावर सोन्याच्या क्षाराच्या द्रावणातून काढत. कागदावरच्या चांदीची काही जागा सोनं घेतं, रंग खुलतो आणि फोटो टिकतो. तुझ्या मैत्रिणीच्या घरी सोनं आलं नाही असं छातीठोकपणे सांगू नकोस. कागदावर असेल थोडं."

दोघं खिदळली. फुकट गेलेल्या प्रवासाचा विषय निघाला होता, म्हणून मग मी त्यांना जोसेफ ग्रिनेलची गोष्ट सांगितली.

१८९८ साली, वय वर्षं एकवीस, कॅलिफोर्नियातला हा मुलगा पेनेलपी नावाच्या शिडाच्या जहाजातून सोनं शोधायला निघाला. नोमच्याही वर, कॉट्सब्यूच्या आखाताकडे. तिथे सोन्याच्या नुसत्याच वावड्या उठलेल्या होत्या. बाकीचे खणत होते, हा पक्षी बघत होता. गोठलेल्या नदीकाठी हिवाळा काढला आणि कोणता पक्षी कधी, कुठे, काय करताना दिसला ते लिहून ठेवलं. परत येऊन १९०० साली त्याने त्या प्रदेशातल्या पक्ष्यांवर पुस्तक काढलं. १९०८मध्ये तो बर्कलीच्या नव्या प्राणिशास्त्र संग्रहालयाचा, म्हणजे नमुने जपणाऱ्या म्युझियमचा, पहिला संचालक झाला. तिथल्या प्रत्येकाला त्याने एकच शिस्त लावली. काय पाहिलं, कुठे पाहिलं, कोणत्या तारखेला पाहिलं, त्याच दिवशी लिहायचं. या नोंदींची खरी किंमत कदाचित शंभर वर्षांनी कळेल, असं तो म्हणत असे. आणि झालंही तसंच. या शतकात शास्त्रज्ञ त्याच्या वह्या घेऊन योसेमिटीच्या त्याच जागांवर गेले, तेव्हा कळलं की हवा तापल्यामुळे तिथल्या कितीतरी लहान सस्तन प्राण्यांनी आपली वस्ती सरासरी पाचशे मीटर वर सरकवली आहे. जुन्या वहीत जागा आणि तारीख नसती, तर ते सरकणं कोणाला कळलंच नसतं.

"पण आमच्या फोटोवर नुसतं जून लिहिलंय," चिंगी म्हणाली. "तारीख नाही, जागा नाही."

"मग शोधा. माणसांच्या मागे बघा अजून."

या वेळी बंड्याला सापडलं. कठड्याला टांगलेलं एक पांढरं गोल जीवरक्षक कडं, त्यावर अक्षरं. दोन माणसांच्या खांद्यांमागे अर्धी झाकलेली, पण शेवटची चार वाचता येत होती.

"जहाजाचं नाव!"

"नाव मिळालं तर पुष्कळ मिळालं. तेव्हाची वर्तमानपत्रं कोणतं जहाज कधी निघालं, कधी पोचलं ते छापत. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने जुनी वर्तमानपत्रं संगणकावर सगळ्यांसाठी खुली ठेवली आहेत. शिवाय त्या समुद्रात बेअर नावाचं सरकारी गस्ती जहाज फिरत असे. त्याच्या रोजनिशीत हवा, वारा, बर्फ, सगळं लिहिलेलं आहे. ओल्ड वेदर नावाच्या उपक्रमात हौशी लोकांनी घरबसल्या अशा रोजनिश्या वाचून उतरवल्या, आणि आज शास्त्रज्ञ त्यावरून शंभर वर्षांपूर्वीचं आर्क्टिकचं हवामान जुळवतात. तुमच्या फोटोतल्या बर्फाला तारीख मिळाली, तर तो त्यांच्या कामाचा."

"मग यंदाच्या जूनमध्ये तिथे बर्फ आहे का ते बघू आणि ठरवू, किती वितळला!"

"तेवढ्यावर नाही ठरत, बंडोपंत. एखादं वर्ष गार जातं, एखादं गरम. एका फोटोवरून हवामान कळत नाही, शंभर वर्षांच्या नोंदी एकाखाली एक मांडाव्या लागतात. त्यातली एक ओळ चिंगीच्या मैत्रिणीच्या कपाटात आहे, एवढंच आज म्हणता येईल."

चिंगीने फोन उचलला आणि मैत्रिणीला निरोप टाइप करायला घेतला. फोटोंच्या मागच्या बाजूंचेही फोटो काढ, कडा कापू नकोस, आणि जहाजाच्या नावाची चार अक्षरं आम्हाला मिळाली आहेत, सुरुवातीची तू सांग.